गळ आणि घागर

आपल्या खेड्यांत नदीच्या पाण्याचा एक कायदा असे. तो कोणी लिहून ठेवलेला नव्हता. पण पोराटोरांनाही ठाऊक होता. वरच्या अंगाला पिण्याचे पाणी, त्याच्या खाली धुणी, त्याहून खाली गुरे. घागर भरायच्या जागेच्या वर कोणी म्हैस पाण्यात घातली, तर त्या दिवशी निम्मा गाव त्याच्या दारात जमे. गळ टाकून बसणाऱ्याची मात्र फारशी कोणी दखल घेत नसे. तो डोहाच्या कडेला, करंजाच्या सावलीत, लोकांच्या नजरेआड बसलेला असे. त्याच्यापासून पाण्याला काही उपद्रव होईल, असे कोणाच्या मनातही येत नसे.

हा प्रश्न उभा राहतो तो गावाचे शहर झाल्यावर. शहराला नदी पुरत नाही. मग ते दहा, वीस, साठ मैलांवरच्या दरीत धरण बांधते आणि नळाने पाणी आणते. घागर भरणारा एकीकडे, तळे दुसरीकडे. दोघांची दृष्टादृष्टही होत नाही. अशा वेळी त्या तळ्याच्या काठावर गळ घेऊन कोणी उभा राहिला, तर त्याला राहू द्यावे की हाकलून द्यावे? प्रश्न लहानसा दिसतो. पण त्याच्या पोटात शिरले की पाण्याचा धनी कोण, हा जुनाच प्रश्न समोर येतो.

माझा एक जुना विद्यार्थी पोटापाण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टर शहरी राहतो. एकदा फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, “सर, इथं जवळच एक मोठं तळं आहे. त्याचं पाणी बॉस्टन शहर पितं. त्यात पोहायला उतरलं तर गुन्हा, कुत्रं नेलं तर गुन्हा. पण काठावर उभं राहून दिवसभर मासे धरा, कोणी हटकत नाही. हे कसं काय हो?” मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, धरणाच्या विद्येत मला गती नाही. पण प्रश्न इतिहासाचा होता, आणि तो मला स्वस्थ बसू देईना. त्याच्या मागे लागून जे वाचावयास मिळाले, ते येथे वाचकांपुढे ठेवतो.

या कथेचा आरंभ तळ्यापाशी होत नाही, एका सनदेपाशी होतो. इंग्लंड सोडून आलेल्या लोकांनी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वसाहत केली, तेव्हा मागे टाकलेल्या देशातल्या काही गोष्टी त्यांना पुन्हा नको होत्या. तिकडे तळी, ओढे, रानातले हरीण, सारे जमीनदारांच्या मालकीचे. गरिबाने मासा धरला तर तो चोर ठरे. १६४१ साली वसाहतीने आपल्या लोकांच्या हक्कांची सुमारे शंभर कलमांची एक सनद केली. ‘बॉडी ऑफ लिबर्टीज’ या नावाने ती ओळखली जाते. तीत एक कलम असे की, प्रत्येक घरधन्याला आपल्या गावच्या हद्दीतील मोठ्या तळ्यांत मासे धरण्याची मोकळीक राहील. पुढे १६४७ मध्ये ‘मोठे तळे’ म्हणजे दहा एकरांहून अधिक, असे ठरले. एवढेच नव्हे, तर त्या तळ्याकडे जाण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीतून पायी जाण्याचीही मुभा मिळाली. उभे पीक आणि कुरण तेवढे तुडवावयाचे नाही.

सनद थोर खरी. पण तिच्या थोरवीला एक कडा होती, तीही सांगितली पाहिजे. हक्क मिळाला तो घरधन्याला. त्या तळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या निपमक आणि इतर मूळ लोकांना कोणी विचारले नाही. त्यांच्याच भाषेतला ‘क्वाबिन’ हा शब्द आज त्या राज्यातल्या सर्वांत मोठ्या तळ्याला नाव म्हणून चिकटला आहे. त्याचा अर्थ ‘पुष्कळ पाण्याची जागा’ असा सांगतात. नाव राहिले, माणसे गेली.

ही मोकळीक दोनशे वर्षे कोणाला खुपली नाही. मग बॉस्टन वाढले. विहिरी खाऱ्या आणि घाण झाल्या. शहराने पश्चिमेकडच्या ‘लाँग पाँड’ नावाच्या एका नैसर्गिक तळ्यावर नजर टाकली, त्याला कोचिट्युएट असे मूळच्या लोकांच्या भाषेतले नाव दिले आणि नळ घातला. २५ ऑक्टोबर १८४८ रोजी बॉस्टनच्या मैदानातील डबक्यात त्या पाण्याचे कारंजे उडाले. शाळेतली मुले गाणे म्हणत होती आणि लोकांची ही गर्दी लोटली होती. आपल्या मुंबईतही त्याच सुमारास पाण्यासाठी हाहाकार चालू होता. १८५६ मध्ये विहारच्या तळ्याचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये ते पुरे झाले. एकाच काळात, पृथ्वीच्या दोन टोकांना, दोन बंदरांनी आपल्या विहिरींवरचा विश्वास सोडला आणि दूरच्या दरीकडे हात पसरले.

तरीही काठावरच्या माणसाचे भय अजून कोणाला वाटत नव्हते. ते भय आणले विषमज्वराने. १८९०–९१ च्या हिवाळ्यात मेरिमॅक नदीकाठच्या लोवेल आणि लॉरेन्स या गिरण्यांच्या शहरांत विषमज्वराची साथ आली. विल्यम सेजविक नावाचे जीवशास्त्राचे प्राध्यापक तिच्या शोधाला लागले. आधी लोवेलमध्ये माणसे आजारी पडत आणि मग खालच्या लॉरेन्समध्ये. सेजविक नदीच्या काठाने वर वर गेले, तेव्हा एका ओढ्याच्या कडेला बांधलेल्या शौचकुपांपर्यंत माग लागला. तिथल्या मोजक्या रोग्यांचा मळ ओढ्यात, ओढ्याचे पाणी नदीत, नदीचे पाणी नळात. हे सिद्ध झाले, आणि पाण्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते स्वच्छ असते, हा समज संपला. शेकडो घरांना पुरेल इतके मरण एका माणसाच्या पोटातून पाण्यात उतरू शकते, हे कळल्यावर तळ्याकाठी उभा असलेला प्रत्येक माणूस इंजिनियरांच्या डोळ्यांत संशयित झाला. ज्याला दोनशे वर्षे हक्क होता, त्याच्याकडे आता रोगाचा वाहक म्हणून पाहिले जाऊ लागले.

या भयातून एक धोरण जन्मले. राज्याच्या आरोग्य मंडळाने आणि त्याचे मुख्य इंजिनियर फ्रेडरिक स्टर्न्स यांनी १८९५ मध्ये असे मांडले की, घाण नदीचे पाणी गाळून पिण्यापेक्षा, जिथे माणूसच राहत नाही अशा डोंगरातले निर्मळ पाणी आणावे. कल्पना शहाणपणाची होती. मात्र ‘जिथे माणूस राहत नाही’ असा डोंगर नकाशावर सापडेना. तेव्हा तो तयार करावा लागला. नॅशुआ नदीवर वॉचुसेटचे धरण झाले. वेस्ट बॉयल्स्टन आणि आसपासच्या गावांतील घरे, गिरण्या, शाळा, चर्चे उठली. तळ्याच्या सबंध बुडीत भागावरची सुपीक माती मजुरांनी खरवडून काढली. का, तर तिच्यातले कुजणारे पदार्थ पाण्यात उतरू नयेत. १९०८ मध्ये तळे भरले. ६५ अब्ज गॅलनांचे ते तळे त्या काळी पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जगातले सर्वांत मोठे म्हणून गणले गेले. एक दगडी चर्च मात्र अगदी काठावर राहिले. ते आजही उभे आहे, आत कोणी नाही. माझा विद्यार्थी सांगत होता ते तळे हेच.

वॉचुसेटही पुरले नाही. शहराची तहान आणखी पश्चिमेला सरकली आणि बॉस्टनपासून सुमारे ६५ मैलांवरच्या स्विफ्ट नदीच्या खोऱ्यात येऊन थांबली. त्या खोऱ्यात डॅना, एनफील्ड, ग्रिनिच आणि प्रेस्कॉट अशी चार गावे होती. त्यांचे ओढे ट्राउट माशांसाठी नावाजलेले, शेते बेताची, गिरण्या लहान. १९२७ साली कायदा झाला आणि खोऱ्याच्या नशिबाचा निकाल लागला. मुळशीकरांनी आपल्या जमिनींसाठी सत्याग्रह केल्याला तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. आपल्या वाचकांना या प्रकारच्या निकालाची ओळख करून देण्याची गरज नाही.

निकाल झाल्यावर गाव एका दिवसात मरत नाही. दहा-अकरा वर्षे ही गावे मरत होती. एकेक घर विकले गेले, पाडले गेले, काही उचलून दुसरीकडे नेले गेले. शाळा ओस पडल्या. साडेसात हजारांहून अधिक थडगी उकरून हाडे नव्या दफनभूमीत नेली. झाडे तोडण्यासाठी बॉस्टनहून बेकार माणसे आणली. राजकारण्यांच्या वशिल्याने आलेली, कुऱ्हाड धरण्याची सवय नसलेली. त्यांच्या तोडण्याची तऱ्हा पाहून खोऱ्यातल्या लोकांनी त्यांना नाव ठेवले ‘सुतारपक्षी’. घर जात असतानाही माणसे हसतात, ती अशी.

२७ एप्रिल १९३८ च्या रात्री एनफील्डच्या सभागृहात गावच्या आग विझवणाऱ्या दलाने निरोपाचे नृत्य ठेवले. आत माणूस मावेना, तेव्हा लोक बाहेर उभे राहिले. बाराचे ठोके पडले, वाद्ये थांबली, आणि त्या क्षणापासून ही चार गावे कायद्याने नाहीशी झाली. लोक होते, रस्ते होते, पण गाव नव्हते. सुमारे अडीच हजार माणसे उठली. कादंबरीकार म्हणून मी पुष्कळ मरणे लिहिली आहेत. पण घड्याळाच्या ठोक्यावर कायद्याने मरणारे गाव मला कधी सुचले नसते.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये पाणी अडू लागले. दोन मोठे मातीचे बांध घातले होते. त्यांतले विन्झर धरण अर्धा मैल लांब. तळे भरायला सात वर्षे लागली. मधल्या काळात जग एका युद्धातून गेले. १९४६ मध्ये क्वाबिन पूर्ण भरले. ३९ चौरस मैलांचा विस्तार आणि ४१२ अब्ज गॅलन पाणी. म्हणजे आपल्या कोयनेच्या निम्म्याहून किंचित अधिक. सुमारे पंचवीस मैलांच्या बोगद्यातून ते वॉचुसेटला जाते, आणि तिथून बॉस्टनच्या नळांना.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इतक्या खटपटीने माणसे हलवून जे तळे निर्मळ केले, त्याच्या काठावर पुन्हा माणसाला येऊ देणे म्हणजे केलेल्या कामावर पाणी सोडणेच की! अंमलदारांना तसे वाटले असते तर नवल नव्हते. पण त्याच वर्षी, १९४६ मध्ये, तळ्याचा काही भाग गळवाल्यांना मोकळा झाला. १६४१ ची सनद येथे कामाची नव्हती; ती नैसर्गिक तळ्यांची, आणि हे तळे माणसाने बांधलेले. मात्र तीनशे वर्षांची सवय कायद्याच्या व्याख्येपाशी थांबत नाही. मोठे तळे म्हटले की त्यावर आपला काही हक्क आहे, हे तिथल्या माणसाच्या हाडीमासी खिळलेले होते. गळवाल्यांची मागणी जोरदार होती, आणि ज्या खोऱ्यातून लोकांना काढले तिथे त्यांनी पुन्हा पाऊलही ठेवू नये, असे म्हणणे कोणत्याही सरकारला जड गेले असते.

मोकळीक दिली ती तोलूनमापून. पाणी उचलण्याच्या जागेजवळ, धरणाच्या बाजूला, गळ नाही. प्रेस्कॉट गाव जिथे होते ते लांबट भूशिर सर्वांनाच बंद. उरलेल्या काठावर रस्त्यांना क्रमांक घातलेली पन्नासहून अधिक फाटके. त्यांतून पायी आत जावयाचे. पोहणे नाही, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर भोके पाडून मासे धरणे नाही, कुत्री नाहीत. राज्याचा परवाना खिशात हवा. पुढे क्वाबिनच्या काही भागांत मासेमारीपुरत्या होड्याही आल्या. वॉचुसेटवर मात्र होडी नाहीच. तिथे गळ टाकावयाचा तो फक्त काठावर उभे राहून.

या नियमांमागे साधा हिशेब आहे. क्वाबिनमध्ये आलेला पाण्याचा थेंब नळापर्यंत पोचायला काही वर्षे लागतात. तेवढ्या काळात गाळ तळाशी बसतो, उन्हाने आणि थंडीने रोगाचे जंतू मरतात, उरलेले अफाट पाण्यात विरून जातात. तेव्हा दूरच्या काठावरचा माणूस फारसे काही बिघडवू शकत नाही. मात्र तोच माणूस उपशाच्या तोंडाशी असेल, किंवा अंगानेच पाण्यात उतरेल, तर हिशेब बदलतो. म्हणून गळाला पाण्यात जाण्याची परवानगी आहे, गळ धरणाऱ्याला नाही.

पाण्याला शिवू नका, असे शब्द वाचले की मराठी माणसाचे मन महाडला गेल्यावाचून राहत नाही. ज्या १९२७ साली स्विफ्ट खोऱ्याचा कायदा झाला, त्याच साली, २० मार्चला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. मी आरंभी आपल्या गावच्या पाणवठ्याचा कायदा सांगितला. पण त्या कायद्यातले सर्वांत क्रूर कलम सांगितले नव्हते. ते असे की, काही माणसांनी पाण्याला हात लावला तर ते बाटते, आणि म्हशीने लावला तर नाही. क्वाबिनची मनाई आणि ती मनाई यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. येथे राज्याचा गव्हर्नर असो की झाडूवाला, कोणीही अंगाने पाण्यात उतरावयाचे नाही, आणि दोघांच्याही घरी नळाला तेच पाणी येते. मनाई न्याय्य आहे की नाही हे ती किती कडक आहे यावरून कळत नाही. ती कोणाकोणावर आहे यावरून कळते.

पण काठावरच्या माणसावरचा संशय पुरता गेला नव्हता. १९८९ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने नियम केला की उघड्या तळ्याचे पिण्याचे पाणी गाळून घ्यावे. फक्त ज्यांचे पाणलोट क्षेत्र नीट राखलेले आहे, त्यांना सूट. बॉस्टनच्या पाण्याला ही सूट द्यावी की नाही यावर वाद पेटला आणि कोर्टात गेला. गाळणयंत्रावर कोट्यवधी डॉलर खर्चावे, की तेच लक्ष तळ्याभोवतालच्या रानावर द्यावे? २००० साली कोर्टाने निकाल दिला तो रानाच्या बाजूने. आज हे पाणी ओझोन वायूने आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक होते, पण गाळले जात नाही. सुमारे तीस लाख माणसे ते पितात.

त्या काळातली एक हकीकत मला फार बोलकी वाटते. पाण्यात विष्ठेतले जंतू प्रमाणाबाहेर सापडू लागले, तेव्हा त्यांचा माग काढला. बोट गळवाल्यांकडे वळले नाही. वळले ते समुद्रपक्ष्यांकडे. कुरव पक्ष्यांचे थवे दिवसा शहरांच्या कचऱ्याच्या ढिगांवर चरत आणि रात्री उपशाच्या जागेजवळ पाण्यावर मुक्कामाला येत. शहराचीच घाण शहराकडे पंखांवरून परत जात होती. तेव्हापासून संध्याकाळी होड्या फिरवून आणि फटाके उडवून त्या पक्ष्यांना तिथून हुसकावण्याचे काम चालते.

दुसरी गोष्ट याहून विचित्र. तळ्याचे पाणी बेलाशक प्यावे असे आरोग्य खाते सांगते. पण तेच खाते तळ्यातले मासे सर्वांनी मनसोक्त खाऊ नयेत, गरोदर बायका आणि मुले यांनी तर विशेष जपावे, असेही सांगते. कारण पारा. दूरवरच्या कोळशाच्या भट्ट्यांतून तो हवेत जातो, पावसाबरोबर तळ्यात उतरतो आणि लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो. पाण्यात तो नावाला, माशात मात्र भरपूर. चार गावे उठवली, माती खरवडली, फाटके घातली. पण आभाळाला फाटक घालता आले नाही. म्हणून कित्येक जण धरलेला मासा परत पाण्यात सोडून देतात.

गळवाल्याकडून काहीच उपद्रव नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. गळाला बांधलेली शिशाची वजने तुटून तळाशी पडत आणि लून नावाचे पाणपक्षी ती गिळून मरत. म्हणून २००० सालापासून या दोन्ही तळ्यांवर शिशाची वजने बंद झाली, आणि २०१२ मध्ये ती बंदी राज्यभरच्या गोड्या पाण्याला लागू झाली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तर तळ्याकाठचा प्रत्येकच माणूस पुन्हा संशयित झाला आणि किनारे काही काळ बंद पडले. पण ते पुन्हा उघडले. याचे कारण मला असे वाटते की, इतक्या मोठ्या किनाऱ्यावर सरकारी पहारेकरी किती ठेवणार? रोज पहाटे त्याच खडकावर येऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला पाण्याचा रंग बदलला तर कळतो, नवखी गाडी दिसली तर कळते, कोणी कचरा टाकला तर राग येतो. ज्याला काठावर उभे राहू देतात, त्याला तो काठ आपला वाटतो. ज्याला हाकलतात, त्याचे पुढे त्या पाण्याशी काही देणेघेणे राहत नाही.

उलट बाजूही आपण पाहिली आहे. बॉस्टनने १८४८ मध्ये ज्याचे कौतुक केले, ते कोचिट्युएटचे तळे पुढे शहरे भोवती आल्याने बिघडले. क्वाबिन भरल्यावर त्याची गरज उरली नाही. आज ते उद्यान आहे, लोक त्यात खुशाल पोहतात, पण बॉस्टन ते पाणी पीत नाही. आपल्या मुंबईत पवईचे तेच झाले. १८९१ चे ते तळे बांधले होते पिण्यासाठी. पाणी पिण्याजोगे ठरले नाही, आणि तळे गळाचा शौक असणाऱ्यांच्या वाट्याला आले. विहार आणि तुळशी आजही मुंबईला पाणी देतात, म्हणून तिथे सर्वसामान्य माणसाला सहजी जाता येत नाही. बहुतेक ठिकाणी हाच रिवाज: प्यावयाचे असेल तर बंद, मोकळे असेल तर पिण्याजोगे नाही. क्वाबिन आणि वॉचुसेट यांनी या दोहोंच्या मधली एक अरुंद वाट काढली. गळ आणि घागर एकाच पाण्यावर नांदू शकतात, हे तिथे इतकी वर्षे दिसत आले आहे. अर्थात दोघांनीही आपापली मर्यादा पाळली तर.

पण म्हणून त्या खोऱ्याचे देणे फिटले, असे मी म्हणणार नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तिकडेही लागू पडावी असा प्रकार आहे. क्वाबिनच्या काठच्या बहुतेक गावांना क्वाबिनचे पाणी मिळत नाही. ती आपापल्या विहिरींवर जगतात. पाणी जाते पूर्वेकडच्या शहरांना. अलीकडच्या वर्षांत ही गावे विधिमंडळाकडे मोबदला मागू लागली आहेत. आम्ही रान राखतो, आमच्या जमिनींवर बंधने आहेत, तेव्हा पाण्याच्या पैशात आमचा वाटा हवा, असे त्यांचे म्हणणे. मला ते रास्त वाटते. मासे धरण्याची मोकळीक हा हक्क आहे. ती मोबदला नव्हे, आणि तिच्यावर कोणाची बोळवण करता कामा नये.

डॅना गावाची मधली मोकळी जागा पाण्याखाली गेली नाही. थोडी उंचावर होती, म्हणून वाचली. फाटकातून आत गेले की जुना रस्ता तिथवर जातो. दोन्ही बाजूंना घरांची नुसती जोती, तळघरांचे दगडी खड्डे, आणि त्यांतून वाढलेली झाडे. ज्यांनी घरे सोडली त्यांच्या आठवणीसाठी एक शिळा तिथे बसवली आहे. खोऱ्यात असे जुने रस्ते आणखीही आहेत. त्यांतले काही सरळ उतरत जातात आणि न वळता पाण्यात शिरतात. पहाटे गळवाले याच वाटांनी चालत खाली जातात. गळ पाण्यात पडतो तिथे खाली कोणाचे तरी शेत होते, हे त्या रस्त्याने आलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.